अंधारातलं रोप उजेडातल्या रोपापेक्षा उंच कसं काय झालं?

अंगणवेल

नमस्कार मंडळी, दोन दिवस एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये म्हणून विचारते. मुलगी सातवीत आहे, शाळेत प्रकाशसंश्लेषणाचा धडा चालू आहे आणि तिने आपल्या मनानेच एक प्रयोग केला. घेवड्याच्या बिया भिजवून दोन कपांत कापसावर लावल्या, एक कप खिडकीत आणि दुसरा बंद कपाटात. पाणी दोन्हीला सारखंच. आम्हाला वाटलेलं कपाटातलं काही उगवायचं नाही, उगवलंच तर मरतुकडं असेल. परवा अकराव्या दिवशी दार उघडलं तर ते चांगलं वीतभर वर गेलेलं! पट्टीने मोजलं, कपाटातलं २३ सेंमी आणि खिडकीतलं फक्त ९.

दिसायला मात्र ते विचित्र आहे. पांढरट पिवळं, देठ दोऱ्यासारखा बारीक, शेंडा खाली वळलेला जसा काही हुक आहे आणि पानं दोन अगदी इवलीशी, मिटलेली. खिडकीतलं बुटकं आहे पण हिरवंगार, पानं पसरलेली.

आता मुलगी विचारते की पुस्तकात तर लिहिलंय झाडाला वाढायला प्रकाश लागतो, मग बिनप्रकाशाचं जास्त का वाढलं? पुस्तक चुकलं का आपण काही चुकलो? मला खरंच उत्तर देता आलं नाही. कोणी नीट समजावून सांगाल का, तिला वाचून दाखवणार आहे.

सावली७

ताई सोपं आहे, झाडं दिवसा प्रकाशसंश्लेषण करतात आणि रात्री श्वसन करतात. कपाटात कायमची रात्र, म्हणून नुसतं श्वसन चालू राहिलं आणि श्वसनातून जी ऊर्जा मिळाली ती सगळी उंचीला गेली. म्हणूनच तर म्हणतात की रात्री बेडरूममध्ये कुंड्या ठेवू नयेत, झाडं रात्री कार्बन डायऑक्साइड सोडतात आणि आपल्याला घातक असतं.

पर्णरंध्र

अंगणवेल ताई, मी वनस्पतिशास्त्र शिकवतो, आणि आधी मुलीला शाबासकी सांगा, तिने कपाटाचं दार उघडून जे दिसलं ते तसंच मान्य केलं, पुस्तकाला जुळवून घेतलं नाही. तुम्ही काही चुकला नाहीत आणि पुस्तकही चुकलेलं नाही, घोळ 'वाढ' या शब्दात आहे. पट्टीने आपण लांबी मोजतो. झाडाची खरी कमाई किती ते लांबीत कळत नाही, ते कळतं पाणी काढून टाकल्यावर उरलेल्या वजनात, ज्याला आम्ही शुष्क वजन म्हणतो.

बी म्हणजे आईने बांधून दिलेली शिदोरी. घेवड्याच्या त्या दोन जाड दलांत स्टार्च आणि प्रथिनं भरलेली असतात. रोप मातीखाली असताना त्याला उजेड मिळत नाही, तेव्हा त्याचं सगळं गणित एकच असतं, शिदोरी संपायच्या आत वर पोचायचं. त्यामुळे ते पानांवर खर्च करत नाही, हरितद्रव्य बनवत नाही, देठ जाड करत नाही, जे आहे ते सगळं देठ लांबवण्यात घालतं. शेंड्याचा तो हुक म्हणजे कोवळा कोंब मातीत घासून फाटू नये म्हणून केलेली सोय आहे, वाकलेला भाग माती बाजूला सारतो आणि कोंब मागून सुरक्षित येतो. तुमच्या कपाटातल्या रोपाला वाटतंय आपण अजून मातीखालीच आहोत!

आणि लांबी वाढली म्हणजे नवीन माल तयार झाला असंही नाही. पेशी मुख्यतः पाणी ओढून घेऊन ताणल्या जातात. फुग्यात हवा भरली की तो मोठा दिसतो पण रबर तेवढंच राहतं, तसं काहीसं. उलट इथे रबर थोडं कमीच होतं कारण हे सगळं करायला जी ऊर्जा लागते ती शिदोरीतली साखर जाळून येते, त्यालाच श्वसन म्हणतात, आणि जाळलेल्या साखरेतला कार्बन कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत निघून जातो. म्हणजे कपाटातलं रोप दिवसेंदिवस उंच होतंय आणि दिवसेंदिवस हलकंही होतंय, कोरडं वजन धरलं तर. खिडकीतल्या रोपाचा खर्चही चालूच आहे पण त्याला जमेची बाजू आहे, ते हवेतून कार्बन डायऑक्साइड घेऊन नवी साखर करतंय.

सावली७, तुमचं अर्धं बरोबर आहे पण 'दिवसा प्रकाशसंश्लेषण, रात्री श्वसन' ही वाटणी मनातून काढूनच टाका कारण या एका वाक्याने पुढचं सगळं चुकत जातं. श्वसन चोवीस तास चालतं, दिवसाही, भर उन्हातही, मुळांत, देठात, पानात, सगळ्या जिवंत पेशींत. फक्त चांगल्या उजेडात पानातलं प्रकाशसंश्लेषण त्याच्या दहा-वीस पट जोरात चालतं त्यामुळे बाहेरून मोजलं तर फक्त ऑक्सिजन बाहेर पडताना दिसतो, आत चाललेलं श्वसन झाकलं जातं.

सावली७

सर धन्यवाद, मला खरंच शाळेपासून हेच माहीत होतं. पण मग रात्री झाडं कार्बन डायऑक्साइड सोडतात हे तर खरं ना? बेडरूमचं काय मग?

पर्णरंध्र

सोडतात हे खरं आहे आणि हे फार जुनं निरीक्षण आहे. प्रीस्टली या इंग्रज शास्त्रज्ञाने १७७१ साली दाखवलं की मेणबत्ती जळून 'खराब' झालेली बंद भांड्यातली हवा पुदिन्याच्या डहाळीने पुन्हा चांगली होते. पण काही जणांना तेच करून पाहिलं तरी जमेना, खुद्द प्रीस्टलीलाही नंतर कधी जमायचं कधी नाही. १७७९ मध्ये इंगेनहाउझ या डच शास्त्रज्ञाने पाण्यात पानं बुडवून शेकडो प्रयोग केले आणि कारण सापडलं, हवा सुधारते ती फक्त उजेडात आणि फक्त हिरव्या भागांमुळे. अंधारात तीच पानं हवा बिघडवतात, आणि मुळं, फुलं, फळं ही दिवसासुद्धा बिघडवतात. त्यानेही तेव्हा लोकांना सांगितलं होतं की हा रात्रीचा बिघाड दिवसाच्या सुधारणेच्या मानाने अगदी थोडा आहे, पण हे दुसरं वाक्य लोकांनी उचललं नाही.

किती थोडा ते बघा. एक चौरस मीटर पानं, म्हणजे कुंडीतली बऱ्यापैकी मोठी झाडं दोन-चार तरी झाली, आठ तासांच्या रात्रीत एक-दोन ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडतील. माणूस दिवसाला साधारण एक किलो सोडतो, म्हणजे झोपेच्या आठ तासांत शांत श्वास धरला तरी दोनशे ग्रॅमच्या वर. शेजारी माणूस झोपलेला चालतो आणि मनी प्लांट चालत नाही, हे कसं? बिनधास्त ठेवा.

हिरवा_कोपरा

मधेच घुसतोय, माफ करा, पण याच विषयाला धरून माझं दुखणं आहे. हॉलच्या आतल्या कोपऱ्यात एक टोमॅटोचं रोप कुंडीत वाढवतोय, तिथे ऊन येत नाही पण उजेड भरपूर आहे, वाचायला दिवा लागत नाही दिवसा. रोप लांबच लांब सुटलंय, खालची पानं पिवळी पडून गळतायत. म्हणून गेल्या महिन्यापासून छताची एलईडी ट्यूब दिवसरात्र चालूच ठेवली, खतही वाढवलं, तरी काही फरक नाही. रोपाला नक्की काय हवंय?

कुंडीकर

हिरवा_कोपरा भाऊ, उजेड भरपूर आहे हे तुम्ही डोळ्यांनी ठरवलंत ना? मी पण पहिली चार वर्षं तेच करायचो आणि कितीतरी रोपं घालवली. डोळा याबाबतीत भयंकर फसवतो. बाहुली लहानमोठी होते, आतला पडदा पण जुळवून घेतो, त्यामुळे शंभरपट फरक असला तरी आपल्याला वाटतं थोडासाच कमी उजेड आहे. मोबाइलमध्ये लाइट मीटरचं अॅप टाका, एकदम अचूक नसतं पण अंदाज येतो. भर दुपारचं ऊन म्हणजे साधारण एक लाख लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक). ढगाळ दिवशी बाहेर दहा-वीस हजार. खोलीत खिडकीपासून दोन-तीन मीटर आत गेलात की बऱ्याचदा पाचशेच्याही खाली येतं आणि रात्री ट्यूबखाली बसलोय तिथे दोन-तीनशे. म्हणजे तुमचा 'भरपूर' उजेड हा उन्हाचा अर्धा टक्का आहे.

आणि ट्यूब छताला आहे हाच घोळ आहे. दिवा जितका लांब तितका प्रकाश फार झपाट्याने पातळ होतो, छोटा बल्ब असेल तर अंतर दुप्पट केलं की प्रकाश पावच उरतो. लांब ट्यूबला हा हिशोब इतका काटेकोर लागू होत नाही पण दिशा तीच. मी माझ्या एलईडी पट्ट्या रोपाच्या शेंड्यापासून एका वितीवर लावतो आणि रोप वाढेल तसा दिवा वर सरकवतो. तेच दिवे आधी दोन मीटरवरून लावायचो तेव्हा नुसतं लाइटबिल भरत होतो.

खत मात्र आत्ता बंद करा प्लीज. रोप उपाशी आहे ते उजेडासाठी, खत म्हणजे त्याचं जेवण नाही, ते मीठमसाला आहे.

पर्णरंध्र

कुंडीकर यांनी बरोबर जागी बोट ठेवलंय. यात थोडी भर घालतो कारण ताईंच्या मुलीच्या प्रश्नाचंच हे दुसरं टोक आहे. उजेड हळूहळू कमी करत गेलात की एक अशी पातळी येते जिथे पानाची कमाई आणि पानाचं श्वसन तंतोतंत सारखं होतं, पान ना कार्बन डायऑक्साइड घेतं ना सोडतं. याला काँपेन्सेशन पॉइंट म्हणतात. सावलीत वाढणाऱ्या झाडांच्या पानांना तो साधारण पन्नास ते अडीचशे लक्सच्या दरम्यान गाठता येतो, उन्हातल्या झाडांना पाचशे ते हजार लागतात. त्याच कोपऱ्यात मनी प्लांट तग धरतो आणि टोमॅटो झुरतो त्याचं कारण हे. शिवाय हा हिशोब फक्त एका पानाचा, त्या क्षणाचा आहे. पानाला मुळं पोसायची असतात, देठ पोसायचा असतो आणि रात्रही काढायची असते, त्यामुळे झाड म्हणून नुसतं टिकायलाही यापेक्षा बराच जास्त उजेड लागतो. तुमच्या रोपाची खालची पानं आधी गेली, कारण वरच्या पानांच्या सावलीत ती तोट्यात गेली आणि रोपाने त्यांच्यातलं नायट्रोजन वगैरे काढून वर नेलं आणि त्यांना सोडून दिलं.

आणखी एक, खोली गरम आहे का? कारण तापमान १० अंशांनी वाढलं की श्वसनाचा वेग साधारण दुप्पट होतो, पण अंधुक उजेडातली कमाई गरमीने काही वाढत नाही कारण तिथे अडचण प्रकाशाची आहे, उष्णतेची नाही. जी गोष्ट सगळ्यात कमी पडतेय तीच वेग ठरवते, ब्लॅकमन या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९०५ मध्ये मांडलेलं हे तत्त्व कुंडीतल्या झाडांना तंतोतंत लागू पडतं. म्हणजे अंधारी आणि गरम जागा ही सगळ्यात वाईट, खर्च दुप्पट आणि पगार तोच. अंधारीच जागा असेल तर निदान थंड तरी असू द्या.

दिवसरात्र दिवा मात्र नको. टोमॅटोला सलग चोवीस तास उजेड सोसत नाही, पानं पिवळी पडतात, हे पक्कं माहीत असलेलं आहे. १४ ते १६ तास दिवा जवळून आणि मग पूर्ण काळोख. शेवंतीसारख्या झाडांना तर फूल धरायलाच लांब अखंड रात्र लागते, मध्यरात्री थोडा वेळ दिवा लागला तरी कळ्या धरत नाहीत.

आणि जागा बदलून एकदम भर उन्हात नेऊ नका. सावलीत तयार झालेलं पान पातळ असतं, त्याला इतका प्रकाश वापरता येत नाही, जास्तीच्या प्रकाशाने आतली यंत्रणाच बिघडते आणि पांढरे चट्टे पडतात. आठ-दहा दिवस हळूहळू सवय करा.

अंगणवेल

सर, कुंडीकर, सगळ्यांचे आभार, मुलीने सगळं वाचलं. तिचं म्हणणं की कपाटातलं रोप हलकं झालंय हे मोजून बघायचंच. पण रोप तर पाण्याने भरलेलं आहे आणि मुळं कापसात अशी गुंतलीयत की सुटत नाहीत. कसं मोजायचं?

पर्णरंध्र

कापसावरचं सोडून द्या, नव्याने धुतलेल्या वाळूत लावा, मुळं पाण्याखाली धरून हलवली की वाळू निघून जाते. एकसारख्या आकाराच्या तीस बिया निवडा, दहा-दहाचे तीन गट, तिन्ही गटांचं वजन शक्य तितकं सारखं ठेवा. एक गट खिडकीत, एक कपाटात, आणि तिसरा गट लावायचाच नाही, तो तसाच वाळवायचा. हा तिसरा गट विसरू नका कारण कोरड्या दिसणाऱ्या बीमध्येसुद्धा साधारण दहा टक्के पाणी असतं, ते धरलं नाही तर तुलनाच चुकेल. वाळूत खत काही घालायचं नाही. दोन आठवड्यांनी रोपं मुळांसकट काढा, दलं गळून पडली असतील तर तीही गोळा करा, पेपरवर पसरून कडक उन्हात वाळवा. रोज वजन करा आणि वजन उतरायचं थांबलं की तो आकडा घ्या. एक दशांश ग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल काटा हवा, साध्या काट्यावर फरक दिसणार नाही.

अंगणवेल

(पंचवीस दिवसांनी)

झालं! सर, आकडे लिहिते. न लावलेल्या दहा बिया वाळवून ४.१ ग्रॅम. खिडकीतली दहा रोपं ४.६ ग्रॅम. कपाटातली दहा ३.० ग्रॅम. आणि काढायच्या दिवशी कपाटातलं सगळ्यात उंच रोप २९ सेंमी होतं आणि खिडकीतलं १२. म्हणजे सगळ्यात उंच तेच सगळ्यात हलकं, बीपेक्षाही हलकं! ती तीन वेळा काट्यावर ठेवून बघत होती. मग मला म्हणाली, १.१ ग्रॅम गेलं कुठे, कपाटात तर काहीच सांडलं नव्हतं. मी सांगितलं श्वासातून गेलं, तर ती बराच वेळ गप्प बसली.

अजून एक सांगायचंय. पहिल्या प्रयोगातला कपाटातला कप टाकवेना म्हणून त्याच दिवशी सकाळी खिडकीत, पण उन्हाच्या बाजूला ठेवला होता. दुपारपर्यंत काही नाही. संध्याकाळी बघितलं तर त्या पिवळ्या मिटलेल्या पानांच्या कडांना हिरवट छटा आलेली. दुसऱ्या दिवशी हुक सरळ झाला, तिसऱ्या दिवशी पानं उघडून चांगली हिरवी. देठ तेवढा लांबडाच राहिला, त्याला काडीचा आधार द्यावा लागला. इतक्या पटकन त्याला कळतं कसं? काही तासांत काय असं अन्न तयार झालं असेल?

पर्णरंध्र

ताई, फार सुंदर आकडे आहेत, तिला सांगा वहीत तिन्ही लिहून ठेव. ०.५ ग्रॅम जी वर आलीय त्यातला कार्बन खिडकीच्या हवेतून आलेला आहे, वाळूत खत नव्हतं आणि पाण्यात कार्बन जवळजवळ नसतो. हे माणसाला समजायला फार वेळ लागला. व्हॅन हेल्माँट नावाच्या शास्त्रज्ञाने कुंडीत विलोचं रोप पाच वर्षं नुसतं पाणी घालून वाढवलं, ते पाच पौंडांचं १६९ पौंड झालं आणि २०० पौंड मातीतले फक्त दोन औंस कमी झाले. त्याचं हे लिखाण १६४८ मध्ये छापून आलं, आणि त्याने निष्कर्ष काढला की झाड पाण्यापासून बनतं. हवेकडे त्याचं लक्षच गेलं नाही.

आता तुमचा प्रश्न. पहिल्या काही तासांत जे होतं ते अन्न मिळाल्यामुळे नाहीच. प्रकाश झाडासाठी अन्नाचं साधन आहे तशी ती वर्दी, म्हणजे खबरही आहे. पेशींत फायटोक्रोम नावाचं प्रथिन असतं, लाल प्रकाश पडला की त्याचं रूप बदलतं आणि रोपाला निरोप जातो की आलो आपण वर, आता देठ लांबवणं थांबवा, हुक सोडा, पानं पसरा. याला अगदी थोडा प्रकाश पुरतो, तेवढ्यात साखर बनायची म्हटली तर नगण्य. हिरवा रंग येतो त्याचं कारण म्हणजे फुलझाडांत हरितद्रव्य बनवायच्या शेवटाकडच्या एका पायरीला प्रकाश लागतोच, त्याच्या आधीचा कच्चा माल रोप अंधारातच तयार करून वाट बघत बसलेलं असतं. पाइनसारख्या झाडांची रोपं मात्र अंधारातही हिरवी होऊ शकतात, त्यांच्याकडे ती पायरी अंधारात पार करायची वेगळी सोय आहे.

हे वेगळं करून बघायचं असेल तर तिला सांगा, आता दोन कप कपाटात ठेव, एकाला उजेड कधीच दाखवायचा नाही आणि दुसऱ्याला रोज फक्त दहा मिनिटं लाल एलईडी दाखवायचा. पाणी घालताना खोलीतही काळोख हवा. दहा मिनिटांत त्याचं पोट भरणार नाही, पण वर्दी पोचेल.

हिरवा_कोपरा

इकडचीही खबर देतो, रोप खिडकीशी हलवलं, दिवा वीतभर अंतरावर टायमर लावून १४ तास, खत बंद. जुना लांबडा भाग तसाच आहे पण वर आलेली नवीन पानं जवळजवळ आणि जाड आहेत, रंगही गडद आहे. लक्स मोजला, आधीच्या कोपऱ्यात १८० होता! मी तिथे बसून पेपर वाचायचो.

अंगणवेल

लाल दिव्याचा कप कालपासून सुरू केलाय. रोज रात्री ९ वाजता, घरातले सगळे दिवे बंद करून, दहा मिनिटं. घड्याळ तीच लावते आणि दार पण तीच उघडते, आम्हाला कोणाला हात लावू देत नाही.